मिस्सा मराठीत आली तेव्हा

वसई पट्ट्यात आज साठी-सत्तरी ओलांडलेला कोणताही कॅथलिक लेखक घ्या. त्याच्या लेखनाचं मूळ शोधत गेलं तर दोन ठिकाणी पोचायला होतं. एक, चर्चच्या आवारातली मराठी शाळा. दुसरं, मराठीतली मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. शाळेविषयी सगळेच कृतज्ञतेने बोलतात. मिस्सेविषयी फारसं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते आमच्या लेखनाची खरी सुरुवात तिथे आहे.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेच्या सुधारणेचा दस्तऐवज जाहीर केला आणि जगभरच्या लोकभाषांना वेदीपर्यंत जायची वाट मोकळी झाली. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये चाले. फादर वेदीकडे तोंड करून, म्हणजे आमच्याकडे पाठ करून, प्रार्थना म्हणत. खाली बसलेल्या बायका आपापली जपमाळ ओढत. घंटा वाजली की सगळे गुडघ्यांवर येत. माझ्या आजीला लॅटिन उत्तरं तोंडपाठ होती. अर्थ एकाचाही ठाऊक नव्हता, तरी ती ज्या भक्तीने ती म्हणायची त्या भक्तीला मी आजही कमी लेखणार नाही. अर्थ न कळताही माणूस देवापुढे उभा राहू शकतो. लिहू मात्र शकत नाही.

मग हळूहळू सगळं मराठीत आलं. आमच्या घरात कादोडी ही वसईची बोली बोलली जायची, शाळेत पुस्तकी मराठी. ती पुस्तकी मराठी आमच्या तोंडून अवघडून यायची. आमचे उच्चार ऐकून परगावचे लोक हसायचे आणि ही भाषा पुण्या-मुंबईकडच्या लोकांची, आपण तिच्यात पाहुणे, असं मनात खोल रुतून बसलं होतं. तीच भाषा आता वेदीवरून ऐकू येऊ लागली. पेरणाऱ्याचा दाखला, हरवलेलं मेंढरू, उधळ्या मुलाची गोष्ट, मातीत पडून मेल्याशिवाय पीक न देणारा गव्हाचा दाणा. केळीच्या बागा आणि भाजीचे वाफे सांभाळणाऱ्या लोकांना यातलं काहीच समजावून सांगावं लागत नव्हतं. आणखी एक मोठी गोष्ट झाली. वाचन करायला गावातली साधी माणसं वेदीपाशी उभी राहू लागली. माझे वडील जेमतेम सातवी शिकलेले. रविवारी त्यांचं वाचन असलं की शनिवारी रात्री कंदिलाच्या उजेडात ते तेवढा उतारा मोठ्याने पुन्हा पुन्हा म्हणत. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, हे ते स्वतःच ठरवत. आम्ही भावंडं अंथरुणात पडून ऐकत असू. वाक्याला चाल असते, हे मला त्या रात्रींनी शिकवलं. पुढे कॉलेजात शैलीवरची व्याख्यानं ऐकली, पण त्यात नवं असं थोडंच होतं.

बायबलमधल्या यशयाची आणि स्तोत्रकर्त्याची वाक्यं दर आठवड्याला कानावर पडणं, तीही गावातल्याच कुणाच्या तरी तोंडून, हे शिक्षण आमच्या पिढीला फुकट मिळालं. त्याआधीच्या पिढीत लेखक नव्हते असं नाही. जर्मन जेझुइट हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक सुरू केलं होतं आणि नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतली घरं ते वाचत होती. पण त्या काळचं लेखन बहुतेक करून शिकवण देणारं. संतांची चरित्रं, सणांची माहिती, कुटुंबाला उपदेश. स्वतःच्या जगण्यातून उगवलेलं वाङ्मय यायला प्रार्थनेची आणि जगण्याची भाषा जवळ यावी लागते. प्रॉटेस्टंट बांधवांच्या घरी हे कितीतरी आधी झालं होतं. सेरामपूरला विल्यम केरीने १८११ साली नवा करार मराठीत छापला. पुढे रेव्हरंड टिळकांनी मराठी पदांमधून ख्रिस्ताला आळवलं, लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. आमच्या कॅथलिक घरांत मात्र बायबल हा ग्रंथ फार उशिरा आला. प्रार्थनेचं पुस्तक असे, जपमाळ असे, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर असे. टिळकांची पदं आमच्या चर्चच्या गायनमंडळात पहिल्यांदा म्हटली गेली तेव्हा एका म्हाताऱ्या काकांनी हा कवी आपल्यातला का, असं विचारलेलं मला आठवतं. पेटी वाजवणाऱ्या मास्तरांनी होकारार्थी मान हलवली. खुलासा करायची गरज त्यांना वाटली नाही, आणि ते बरोबरच होतं.

खरं तर आमची परंपरा याहूनही जुनी. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला, सासष्टीत राहिला, मराठी-कोकणी शिकला आणि त्याने ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. सुमारे अकरा हजार ओव्या. राशोलला १६१६ साली रोमन लिपीत ते छापलं गेलं, मग १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. चर्चमध्ये लोक ते ऐकत. त्याच्या मागून एतियेन द ला क्रुआने सेंट पीटरवर पुराण लिहिलं. मग १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. ज्या सत्तेच्या छायेत हा ग्रंथ जन्मला, तिनेच त्याच्या वाचकाच्या तोंडाला कुलूप घातलं. वसईत पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ पर्यंत होते. त्यांच्या काळात आमच्या पूर्वजांवर काय काय गुदरलं याचा हिशोब अजून नीट मांडलेला नाही. तो मांडायलाच हवा, आणि आम्हीच मांडायला हवा. पण धर्मांतराच्या त्या इतिहासाकडे बोट दाखवून आमच्या मराठीवर शंका घेणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की ओवीला बंदी घालणारे वेगळे आणि ती जपणारे वेगळे. ‘ख्रिस्तपुराण’ १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी पुन्हा छापलं आणि १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणलं. त्यांना तो मराठीचा ठेवा वाटला, म्हणून त्यांनी ते काम अंगावर घेतलं. मराठीची थोरवी सांगायची वेळ आली की आजही वक्ते याच फादर स्टीफन्सची ओवी म्हणतात, आणि श्रोत्यांतल्या कुणालाही ती परक्याची वाटत नाही.

इथे थोडं थांबून एक फरक सांगायला हवा, कारण त्याशिवाय आमच्या लेखकांचं काम नीट कळत नाही. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत मोठे कॅथलिक लेखक होऊन गेले. फ्रान्समध्ये मोरियाक, इंग्लंडमध्ये ग्रॅहम ग्रीन, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात फ्लॅनरी ओकॉनर. त्यांच्यापुढचा वाचक देव विसरलेला किंवा देवाला कंटाळलेला होता. पाप, कृपा, तारण हे शब्द त्याला ऐकू येईनासे झाले होते. म्हणून ओकॉनर आपल्या कथांत हिंसा आणि विद्रूपता आणते. बधिर झालेल्याला हलवायला तिला तेवढा धक्का द्यावा लागतो. ग्रीनला तर ‘कॅथलिक कादंबरीकार’ हे बिरुदच नको होतं. आमच्या लेखकापुढचा वाचक असा नव्हता. महाराष्ट्राची सार्वजनिक संस्कृती धर्मनिरपेक्ष म्हणवते, पण ती निरीश्वर कधीच नव्हती. शेजारच्या घरी गणपती, पलीकडे दर्गा, आषाढीला वारी. आमच्या लेखकाला वाचकाला देव आहे हे पटवायचं नव्हतं. आपला देव परदेशातून आलेला नाही, तो याच विहिरीचं पाणी पितो, हे त्याला दाखवायचं होतं. ग्रीनवर अविश्वासाचं ओझं होतं, आमच्यावर परकेपणाचं.

आणि ते ओझं उतरवायला आम्हाला साहाय्य झालं ते वारकरी संतांचं. देव आई आहे, देव सखा आहे, देव दारी उभा आहे, देवाने पाठ फिरवली आहे, हे सगळं मराठीत आधीच बोलून झालेलं होतं. रानात एकट्याने देवाशी भांडायचं कसं हे तुकोबांनी शिकवून ठेवलं होतं. स्तोत्रकर्त्याची तक्रार आणि तुकोबांची तक्रार शेजारी ठेवून वाचा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. आमच्या भुईगावचे थॉमस डाबरे, जे १९९८ साली वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप झाले, त्यांनी आपला प्रबंध तुकारामांच्या ईश्वरानुभवावर लिहिला. पुण्यात गी द्लरी या फ्रेंच जेझुइटाने तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, पंढरीची वाट चालली आणि १९६० साली विठोबाच्या उपासनेवर ग्रंथ लिहिला. मॅथ्यू लेदर्ले या जर्मन जेझुइटाने शनिवार पेठेत स्नेहसदन उभं केलं. ऐन पेठेत, जिथे कोणत्याही धर्माचा माणूस चहा पीत देवाबद्दल बोलू शकेल अशी जागा. त्या काळच्या पुण्याला यात काही विपरीत वाटलं नाही.

चित्रकार आंजेलो द फोन्सेकाची कथा याच धाग्यातली, आणि मला ती फार जवळची वाटते. गोव्याचा हा माणूस शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. परत आल्यावर त्याने पवित्र मारियेला साडी नेसवली. तिच्या मांडीवरचं बाळ सावळं, आजूबाजूला आपल्याकडची झाडं. गोव्यातल्या कॅथलिकांना ते सोसलं नाही. निळ्या झग्यातली, गोऱ्या गालांची मारिया हीच खरी, असं त्यांना वाटत होतं. फोन्सेका पुण्याला आला आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रं काढत राहिला. तो आश्रम अँग्लिकनांचा. कॅथलिक चित्रकाराला आसरा मिळाला तो त्यांच्याकडे. १९६७ साली तो गेला. त्याची पुष्कळ चित्रं आज गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपून ठेवली आहेत. ज्या भूमीने त्याला नाकारलं तिथेच ती परत आली, आणि आता लोक ती आदराने बघतात. मी त्या चित्रांच्या प्रतिकृती पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा साडीतल्या मारियेपुढे बराच वेळ उभा राहिलो. पदर सावरायची तिची रीत आमच्या आयांची होती.

आता वसईकडे येतो, कारण माझं खरं मन तिथे आहे.

वसईच्या कॅथलिकांचं ‘सुवार्ता’ मासिक घरी यायचं तेव्हा त्यावर पहिला हक्क वडिलांचा असे. मग आई. ती संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की चुलीपाशीच वाचायला बसे आणि वाचता वाचता मोठ्याने दुरुस्त्या सांगे. अमक्या गावच्या सणाची तारीख चुकली, तमक्या बाईचं माहेर सांडोरचं नव्हे. असा वाचक कोणत्या लेखकाला मिळतो? लिहिणारा ओळखीचा, लिहिलेलं गाव ओळखीचं, आणि चूक झाली तर रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर जाब विचारला जाणार. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ साली संपादक झाले आणि २००७ पर्यंत राहिले. त्या वर्षांत या मासिकाने आपली वेस ओलांडली. धर्मवार्तांच्या बरोबरीने पाणी, जमीन, स्त्रियांचे प्रश्न, कविता, पुस्तकपरीक्षणं येऊ लागली. ख्रिस्ती नसलेले लेखक लिहू लागले, ख्रिस्ती नसलेली घरं वर्गणी भरू लागली. आमच्यातल्या कितीतरी जणांचा पहिला लेख तिथे छापून आला. माझाही. लेख परत आला तरी त्यासोबत दोन ओळी असत, कुठे भरकटला आहेस ते सांगणाऱ्या. त्या दोन ओळींसाठी मी दोन-तीनदा मुद्दाम कच्चा लेख पाठवला असेल.

त्याच काळात वसईवर बिल्डरांची नजर पडली. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा इथली हिरवी जमीन बांधकामाला मोकळी होऊ लागली, विहिरींतून टँकर भरले जाऊ लागले, गुंडांची दहशत बसली. हरित वसई संरक्षण समितीच्या मागे लोक हजारोंनी उभे राहिले आणि पुढे दिब्रिटो चालत होते. धर्मगुरूने रस्त्यावर यावं का, हा वाद तेव्हा खूप रंगला. मला त्यात एक लेखक दिसत होता. नंदाखालच्या मातीत वाढलेल्या माणसाला शब्द त्या मातीतून मिळालेले असतात. विहीर खारी झाली की त्याची उपमा खारी होते. मोर्चा आणि लेख या त्यांच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. पुढे त्यांनी अनेक वर्षं खपून ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलं. २०१० साली राजहंसने ते छापलं. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. चर्चच्या छापखान्यातून न येता बायबल एका मराठी व्यावसायिक प्रकाशनातून आलं आणि पुस्तकांच्या दुकानांत कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी मांडलं गेलं. आमच्याकडे ग्रंथ उशिरा आला खरा, पण आला तो सगळ्यांसाठी.

या पिढीत लिहिणारे एकाच ठशाचे नव्हते. सिसिलिया कार्व्हालो मराठीच्या प्राध्यापक, कवयित्री आणि ललित लेखिका. जोसेफ तुस्कानो यांनी कविता लिहिली आणि मुलांसाठी विज्ञान सोपं करून सांगितलं. विज्ञान सांगणाऱ्या कॅथलिक लेखकाला धर्माचं नाव घ्यावं लागत नाही, पण सृष्टीकडे बघताना येणारा विस्मय आणि जे दिसलं ते दुसऱ्याला नीट समजावं म्हणून घेतलेले कष्ट, हे कुठून येतं ते आम्हाला कळतं.

तो काळ सोन्याचा होता असं म्हणणं मात्र खरं होणार नाही. बायकांनी लिहावं हे अनेक घरांत मान्य नव्हतं. घरातल्या गोष्टी, दारू, हुंडा, भावाभावांतले जमिनीचे तंटे हे लिहिलं की लेखकापेक्षा त्याच्या आईबापांना ऐकून घ्यावं लागे. धर्मगुरूंवर टीका करणारी कथा छापायला कुणी धजत नसे. श्रद्धेवर लिहायचं तर श्रद्धेच्या बाजूने, हे न सांगता ठरलेलं होतं. शंका घेणारा कॅथलिक आमच्या मराठी लेखनात जवळपास दिसतच नाही. तो दिसतो इंग्रजीत. पुण्यात जन्मलेल्या युनिस डिसूझा यांचा ‘फिक्स’ हा कवितासंग्रह १९७९ सालचा. गोवेकर कॅथलिक घरातली कोंडी आणि धर्माच्या नावाने बाईवर घातलेली बंधनं त्यांनी इतक्या थोड्या, इतक्या धारदार शब्दांत मांडली की त्यांच्याच समाजातले लोक दुखावले. मी ते पुस्तक फार उशिरा वाचलं. वाचताना राग आला आणि मग लाज वाटली, कारण त्यातलं सगळं आमच्याही गल्लीत घडत होतं आणि आम्ही सणांची वर्णनं लिहीत बसलो होतो. श्रद्धेच्या आत राहूनही हे लिहिता आलं असतं. ते आमच्याकडून राहून गेलं.

आणि आजचं चित्र?

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि फादर दिब्रिटो अध्यक्षपदी बसले. १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पहिलं ग्रंथकार संमेलन झालं, त्यानंतर या पदावर ख्रिस्ती धर्मगुरू बसण्याची ही पहिलीच वेळ. संत गोरोबाकाकांचं तेर त्याच जिल्ह्यातलं. निवड जाहीर झाल्यावर विरोधाचे सूर निघाले, धमक्याही आल्या. एका धर्मप्रसारकाला हे पद कसं, असं विचारलं गेलं. ज्याने आयुष्यभर मराठीत लिहिलं, तुकोबांना उशाशी ठेवलं, त्याला परक्यासारखं वागवणारे ते शब्द वाचून आमच्या गावात कितीतरी घरांत त्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही. पण संमेलन झालं, मंडपात लोक आले आणि त्यांनी त्यांना मनापासून ऐकलं. जे आमच्या वडिलांच्या पिढीला स्वप्नातही दिसलं नसतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. २५ जुलै २०२४ रोजी दिब्रिटो गेले तेव्हा त्यांच्याविषयी मराठी वर्तमानपत्रांनी लिहिलं ते आपल्यातला मोठा लेखक गेला म्हणून.

मान असा आला आणि नेमका त्याच सुमारास खालून वाचक सरकला. हे मला सर्वांत जास्त लागतं. चर्चच्या आवारातल्या मराठी शाळांतले वर्ग ओस पडत चालले आहेत. आमचीच मुलं इंग्रजी माध्यमात गेली, नातवंडं तर जातातच. मी कुणाला दोष देणार? माझ्या मुलांनाही मी तिथेच घातलं. नोकऱ्या तिथे आहेत, परदेशाची वाट तिथून जाते. पण याचा परिणाम असा झाला की रविवारी मराठी मिस्सेला बसलेल्या मुलाला शब्द कानाने कळतात, छापलेलं पान मात्र त्याच्याच्याने सरसर वाचवत नाही. वाचन करायला पुढे येणारे बहुतेक पन्नाशीच्या वरचे असतात. कुणी तरुण आलाच तर त्याच्या मोबाइलमध्ये तो उतारा रोमन लिपीत लिहिलेला असतो. स्टीफन्सची ओवीही रोमन लिपीतच छापली होती, अशी मी मनाची समजूत घालतो. तेव्हा मात्र ऐकणाऱ्यांची भाषा इंग्रजीकडे वळलेली नव्हती.

गावंही तशी उरली नाहीत. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, गावं वगळा म्हणून लोक पुन्हा रस्त्यावर आले, कोर्टकचेऱ्या झाल्या. केळीच्या बागांच्या जागी सात-सात मजली इमारती उभ्या आहेत. राजेळी केळीची सुकेळी करणारी घरं शोधावी लागतात. पूर्वी लेखकाला आपल्या विहिरीवर, रहाटावर, बावखलावर लिहिताना समजावून सांगावं लागत नव्हतं. आज त्याच गोष्टी लिहायच्या तर वाचक त्या वस्तुसंग्रहालयातल्या वस्तूंकडे बघावं तसं बघतो. आमच्यातले काही लेखक त्या मोहाला बळी पडून एकसारखं जुनंच लिहीत राहतात. मीही त्यातलाच, हा लेख त्याचा पुरावा आहे. पण इमारतीत राहणाऱ्या, लोकलला लोंबकळणाऱ्या, रविवारी मिस्सा चुकली म्हणून मनात खंत करत बसणाऱ्या कॅथलिक माणसाची मराठी कथा कुणीतरी लिहायला हवी. ती मला अजून सापडलेली नाही.

मुंबईत इंग्रजीतून लिहिणाऱ्या कॅथलिक लेखकांनी ही जागा पुष्कळ भरली आहे. माहीमच्या जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ ही २०१२ सालची कादंबरी आईच्या मानसिक आजारातून जाणाऱ्या एका घराची गोष्ट सांगते, आणि त्या घरात देवाला हाक मारणं आणि देवावर चिडणं दोन्ही आहे. तेच पिंटो दया पवारांचं ‘बलुतं’ आणि सचिन कुंडलकरांचं ‘कोबाल्ट ब्लू’ इंग्रजीत नेतात. मराठीचं ऋण एका कॅथलिक लेखकाने असंही फेडावं याचा मला आनंद वाटतो. स्टीफन्स बाहेरून मराठीत आला, हा मराठी बाहेर नेतो. जेन बोर्जेस यांनी ‘बॉम्बे बाल्शाव’मध्ये कावेलच्या जुन्या वस्तीला पुन्हा उभं केलं. हे लेखक चर्चला घाबरत नाहीत आणि चर्चपासून पळतही नाहीत. आमच्या पिढीला जे जमलं नाही ते त्यांनी सहज केलं. फक्त माझ्या आईला, ती असती तर, त्यातलं एकही पान चुलीपाशी बसून वाचता आलं नसतं, आणि कुणाचं माहेर कुठलं याची दुरुस्ती सुचवता आली नसती.

‘सुवार्ता’ अजून निघतं. कादोडीत गाणी रचणारी, त्यांचे व्हिडिओ करणारी मुलं आहेत. ज्या बोलीची आम्हाला शाळेत लाज वाटायची तिच्यावर ती अभिमानाने गातात. आमच्या धर्मग्रामातली एक मुलगी संगणकाची नोकरी करून रात्री कादोडीत कविता लिहिते, देवनागरीत, कारण रोमनमध्ये सूर बसत नाही असं तिचं म्हणणं. तिने ‘ख्रिस्तपुराण’ वाचायला मागितलं तेव्हा माझ्याकडची बंडेलूंची जुनी प्रत मी तिला दिली. ती ओव्या लोकलमध्ये मनातल्या मनात न वाचता घरी मोठ्याने म्हणते, कारण कानाला ऐकू आल्याशिवाय अर्थ लागत नाही, हे तिचं तिलाच कळलं. तिच्या स्वतःच्या कवितेत मात्र देवाचं नाव कुठेच नाही. त्यावरून आमचा वाद चालतो. मी म्हणतो, तुझ्या आजोबांनी वेदीपाशी वाचलेलं तुझ्यात आहे तर ते दिसू दे. ती म्हणते, विरारच्या गाडीत बाळाला छातीशी धरून उभ्या राहिलेल्या बाईवर मी लिहिलं, त्यात दिसलं नाही का? मला अजून पुरतं पटलेलं नाही. ती कविता मी दुसऱ्यांदा वाचायला मागून घेतली आहे, आणि ‘सुवार्ता’कडे पाठव असंही तिला सांगितलं आहे.